पोच

साहेबांनी सात अहवालांच्या छापील प्रती टेबलावर टाकल्या. "हे तू लिहिलेस?"

"हो साहेब. तुम्हालाच पाठवले होते."

"मला एकही मिळाला नाही. हे तुझ्या लॅपटॉपवरून काढले."

ऑफिसात त्याला छिद्र्या म्हणत, कारण तीन महिने तो एकच पालुपद लावून बसला होता: आपल्या नेम सर्व्हरला भोक आहे. नेम सर्व्हर म्हणजे बाकीचे कॉम्प्युटर ज्याला पत्ते विचारतात तो कॉम्प्युटर. भोकातून आत शिरलेला माणूस त्याच्याकडून हवा तो खोटा पत्ता वदवून घेऊ शकतो. उदाहरणार्थ, साहेबांच्या मेलचा. साहेबांना तीन महिन्यांत एकही मेल आला नव्हता. ते याला शिस्त समजत होते.

आणि शुक्रवारी चोरांनी या रक्त तपासणाऱ्या लॅबमधून चार लाख पेशंटांचे रिपोर्ट नेले.

"पण साहेब, तुमची उत्तरं यायची की. 'शाब्बास रे पठ्ठ्या. आत कसं शिरता येतं तेही सविस्तर लिही.' मी लिहिलं. चित्रं काढून. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चार दिवस रजा मागितली, तर तुम्ही आठ दिलीत."

"अकरा वर्षांत मी कुणाला शाब्बास म्हटलंय?"

छिद्र्याने आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं.

"तिथेच संशय यायला हवा होता तुला." साहेबांनी राजीनामा पुढे सरकवला. टाइप केलेला होता, सही तेवढी त्याची हवी होती.

त्याने सही केली. "साहेब, अनुभवाचा दाखला तरी द्या. त्याशिवाय मला कुणी दारात उभं करणार नाही. घरी आई आहे."

"आई सगळ्यांनाच असते. भोक कसं बुजवायचं ते लिहून दे, मग दाखला."

त्याने कागद ओढला.

"कागद नको. मेल कर. नियम आहे."

"साहेब, मेल चोरांनाच जातो."

"नियम काय मी केलाय?"

नियम साहेबांनीच केला होता. छिद्र्याने लॅपटॉप उघडला, अर्धा तास उभ्यानेच टाइप केलं आणि पाठवलं.

साहेबांनी आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काही आलं नाही. मग दाखलाही नाही."

छिद्र्याच्या लॅपटॉपवर टिंग वाजलं.

'मिळालं. शाब्बास रे पठ्ठ्या. आईचा गुडघा कसा आहे आता?'