देवाची मूठ

"त्या डब्याला हात लावशील तर बघ!" सासू ओरडली.

झोनुनीचा हात झाकणावरच राहिला. चार वर्षांचा माविया चुलीजवळ निपचित पडला होता. पाच दिवस जुलाब. त्या साली बांबू फुलला, त्याचं बी खाऊन उंदीर माजले आणि डोंगरावरचं उभं भात आठवड्यात फस्त झालं. घरातला तांदूळ बुधवारी संपला. रानकंद पोराच्या पोटात ठरेना. तांदूळ होता तो फक्त या डब्यात. रोज शिजवायच्या तांदळातून आधी एक मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची, गावातल्या सगळ्याच बायका काढत. शनिवारी चर्चच्या बायका येऊन तो घेऊन जात.

"आई, एकच मूठ. नुसती पेज करते. देवाला काय पोट आहे?"

"तीन पोरं पुरली मी, पण मूठ चुकवली नाही. म्हणून तर तुझा नवरा जगला! तोंडचा घास दिला की तो बघतो. आज घेशील, तर पोराकडे पाठ फिरवील तो."

सासू, म्हातारी रोथुआमी, दुष्ट नव्हती हो. स्वतः तीन दिवस पाण्यावर राहून नातवाचे पाय चोळत होती. दुष्ट असती तर बरं झालं असतं. झोनुनीनं तिला ढकलून डबा घेतला असता.

शनिवारी साइकुंगी चर्चची टोपली घेऊन आली. रोथुआमीनं डबा पालथा केला, तळाला चिकटलेले दाणेसुद्धा थोपटून काढले. रविवारी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत माविया गेला.

सोमवारी बायका भेटायला आल्या. मयताच्या घरी रिकाम्या हातानं कुणी जात नाही. साइकुंगीनं चर्चच्या टोपलीतून बांधून आणलेली पुरचुंडी पुढे केली. आत तांदूळ होता, तांबूस. हे बी झोनुनीनं माहेराहून आणलेलं, गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

"आमचाच ना हा?"

साइकुंगीनं मान खाली घातली. "या खेपेला तुमच्याच घरानं दिला गं. बाकीच्यांनी डबे रिकामे दाखवले."

"म्हणजे पोरांना घातला त्यांनी."

शेजारची छुंगी भिंतीकडे बघत बसली.

"देवानं पाठवला," रोथुआमी सवयीनं पुटपुटली.

"हो ना! न्यायला अगदी वेळेवर आला. द्यायला तेवढा उशीर झाला त्याला."

बायका उठून गेल्या. झोनुनीनं चूल पेटवली, तांदूळ भांड्यात ओतला. म्हातारीचा हात आपसूक पुढे आला आणि भांड्यावर थबकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"नाही काढायची," ती म्हणाली आणि हुंदका देऊन खाली बसली. "आता कुणासाठी काढू?"

झोनुनीनं तिचं मनगट धरलं आणि हात तांदळात खुपसला.

"काढा, आई. आणि शनिवारपर्यंत थांबायचं नाही. छुंगीच्या पोरीला सकाळपासून जुलाब लागलेत."