ठिपक्यामागे

पडद्यावरचा पांढरा ठिपका डावीकडे सरकला. यार्कोने हनुवटी पट्टीवर टेकवली होती, डोकं अजिबात हलवत नव्हता. डोळे मात्र मुद्दाम मागे रेंगाळू देत होता.

हंगाम तोंडावर आला की फिनलंडमधल्या त्या आइस हॉकी संघात प्रत्येकाच्या नजरेची चाल अशी मोजून ठेवत. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा मोजायची. फरक दिसला, की खेळाडू बाहेर.

"आत्ताच गचाळ कर," गोलरक्षक रेइयोने कानमंत्र दिला होता. "मग कितीही आपटलास तरी फरकच दिसायचा नाही."

यार्को चौतिशीचा बचावपटू. या वयात एकदा बाहेर बसवलं, की परत कोण बोलावतो? त्याला ते पटलं.

डॉक्टर सिर्पाने निकाल पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"यार्को, आजपासून बर्फावर उतरायचं नाही."

यार्कोला घाम फुटला. "डॉक्टरबाई, खरं सांगतो, मी मुद्दाम चुकलो!"

"डोकं आपटलेले सगळे हेच म्हणतात."

"अहो, आईशप्पथ! पुन्हा घ्या."

या वेळी त्याने जीव ओतला. डोळ्यांतून पाणी आलं तरी ठिपक्याचा पिच्छा सोडला नाही. संपल्यावर तो ऐटीत मागे रेलला.

सिर्पाने दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाली, "डोक्याला कधी लागलं?"

"छे! उन्हाळाभर सामनाच नाही झाला."

"सामन्याचं नाही विचारत."

यार्को आठवू लागला. "तसं... शनिवारी सासऱ्यांच्या सॉनात, त्या वाफ घ्यायच्या खोलीत, उठताना तुळईवर डोकं आपटलं. जरा वेळ आडवा होतो म्हणे. शुद्धीवर आलो आणि सासूबाईंना पंच समजून हुज्जत घातली. सगळे पोट धरून हसले." तो थांबला. "सासूबाई सोडून. पण ते खेळताना थोडंच लागलं? तेही धरतात होय?"

"धरतात. काही आठवडे घरी बस. मग बघू."

यार्को कोट चढवून दाराशी गेला आणि वळला.

"डॉक्टरबाई, दोन्हींत बरा निकाल कुठला?"

"मुद्दाम चुकलास तो."

यार्को परत आला आणि मुकाट्याने खुर्चीत बसला.

"माझ्या बायकोला फोन लावता का?" तो म्हणाला. "न्यायला ये म्हणावं."