कपांची पारख

कपांच्या कारखान्यात त्याचं काम एकच होतं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक कपावर लाकडी दांडी हलकेच मारायची. कप खणखणीत वाजला तर पुढे पाठवायचा, बद्द वाजला तर आत तडा आहे म्हणून टोपलीत टाकायचा.

आयुष्यभराच्या त्या किणकिणाटाने त्याच्या कानात शिट्टी बसली. नळ सोडला की ती चढायची, चमचा पडला की किंचाळायची. "सवय करून घ्या," एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले. साहेब म्हणाला, "वयाचा दोष आहे, कामाचा नाही."

ती शिट्टी गप्प व्हायची फक्त तडा गेलेल्या कपाच्या आवाजाला.

मग एकदा डबा खाताना शेजारचा भट्टीवाला खदखदून हसला आणि शिट्टी थांबली. इतकं बरं वाटलं, की याने मुद्दाम आणखी एक विनोद सांगून त्याला हसवलं. दुसऱ्या दिवशी भट्टीवाला आला नाही. सकाळी चहा पिता पिता गेला म्हणे.

त्या संध्याकाळी घरात शिरताना कडी वाजली, शिट्टी उठली. नातीने खेळणं आपटलं, शिट्टी आणखी चढली. आज पहिल्यांदाच त्याला शिट्टीचा राग आला नाही.

"अहो, हातपाय धुऊन घ्या, वाढतेय मी," आतून बायको म्हणाली.

कान शांत झाला.

"पुन्हा बोल."

"काय पुन्हा बोल? कान पार गेले की काय?"

शांतच.

त्याने हातातला डबा फरशीवर आपटला. शिट्टी उसळली.

"अहो, झालंय काय तुम्हाला?" बायको धावत बाहेर आली.

शिट्टी थांबली.