तिसरं बोट

व्हायोलिनच्या सरांनी मला शिस्त लावली होती: रोजचा रियाज फोनवर रेकॉर्ड करायचा आणि आपली चूक आपल्या कानांनी ऐकायची. मी ऐकत होतो आणि माझं डोकं फिरत होतं, कारण रेकॉर्डिंगमध्ये चूकच नसायची.

वरच्या स्वरांवरून खाली येताना माझं तिसरं बोट घसरतं. रोज, त्याच जागी. स्वयंपाकघरातून ताई ओरडते, "खाल्लीस परत माती." फोनवर मात्र तीच जागा अलगद उतरते.

"तुझा फोन बिघडलाय," ताई म्हणाली. मग तिच्या फोनवर घेतलं. तेच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं बोटं मी झिजवतोय, आणि हा कोण उपटसुंभ माझ्या जागी वाजवणार? मला माझी चूक परत हवी होती.

आज त्याला पकडायचंच ठरवलं. रेकॉर्डिंग सुरू केलं, व्हायोलिन पेटीत घालून पेटी बंद केली आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसून राहिलो. ताई दारात उभी होती. दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

मग ते लावून ऐकलं. आधी खुर्ची करकरली. मग व्हायोलिन सुरू झालं, आणि एकही बोट न घसरता शेवटच्या स्वरापर्यंत गेलं.

"बंद कर ते," ताईनं माझा दंड घट्ट धरला.

पण आता फोनमधूनही ताईच बोलत होती, हसून, सुटल्यासारखी:

"गेला ना एकदाचा तो चुकणारा?"