अमावास्येचा खलबत्ता

अमावास्येच्या सकाळी भागीबाईनं पितळेचा खलबत्ता उंबऱ्याशी आणून ठेवला आणि त्याच्यापुढे फतकल मारून बसली. खलात काहीच नव्हतं.

तांबट आळी गप्प होती. अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. घरोघर हातोडे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले. आळीच्या तोंडाशी शौकतचा टांगा उभा होता, आणि तो कुणासाठी आलाय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आत तिचा धाकटा दीर सोमा भिंतीला पाठ घासत होता. वय तिशीचं, समज चार वर्षांच्या लेकराची. एरवी महिनाभर मुकाट भाता ओढायचा, दिलं ते खायचा, भागीबाईला ‘वैनी’ म्हणायचा. त्यापलीकडे त्याच्याकडे फारसे शब्द नव्हते. अमावास्या आली की मात्र डोकं आपटायचा, मनगट चावायचा, हाताला लागेल ते फेकायचा. मागल्या खेपेला फेकलेला तांब्या नेमका आळीचे पंच कोंडाजी यांच्या कपाळावर बसला. अंगारे झाले, तीन देवऋषी झाले. आज पुन्हा तेच झालं तर नाशिकरोडहून गाडी, आणि पुढे वेड्यांचं इस्पितळ, असं पंचांनी ठरवलं होतं. तिथून परत आलेला माणूस आळीत कुणी पाहिला नव्हता. भागीबाईच्या नवऱ्यानंही मान डोलावली होती. तो तांब्याचा पत्रा हवा तसा वाकवायचा, माणसांपुढे मात्र स्वतःच वाकायचा.

कोंडाजी दोघा-तिघांना घेऊन समोरच्या आपल्या ओट्यावर येऊन बसले. कपाळावरचा वण त्यांनी टोपीनं झाकला नव्हता.

“भागीबाई, उगाच वेळ काढू नका. अमावास्येची बाधा आहे ती.”

“मामंजी, तुमचे काका गेले तेव्हा अष्टमी होती. आळीनं दिवसभर काम बंद ठेवलं, आणि ह्यानं दुपारच्या आत माजघराचं दार फोडलं.”

“मग?”

“मग बाधा अमावास्येची नाही. तुम्ही सगळे गप्प बसता, त्याची आहे.”

ओट्यावरचे दोघे-तिघे हसले. “तांबटांवर गप्प बसल्याचा आळ जन्मात पहिल्यांदा आला,” एकजण म्हणाला.

भागीबाई हसली नाही. तिला तरी कुठं खात्री होती? रात्रीची शांतता सोमाला कळायची, ती झोपेची. दिवसाउजेडी ठोके थांबले की त्याच्या पायाखालची जमीनच कुणी काढून घेत असावं. असं तिला वाटत होतं, इतकंच. त्या वाटण्याच्या जोरावर ती बसली होती.

आत भिंतीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. ओट्यावरचे दोघे दोर घेऊन उठले.

तिनं बत्ता उचलला आणि भराभर कुटायला लागली. सोमा गुरासारखा ओरडला. एक परात तिच्या कानाजवळून सणसणत गेली आणि रस्त्यात जाऊन गरगरत राहिली.

“झालं समाधान?” कोंडाजी म्हणाले.

तिचा हात थांबला. हा तर मसाल्याचा ठेका, चुलीपुढचा. ह्याचं त्याला काय? तिनं डोळे मिटले आणि ऐरणीवर चालणारा नवऱ्याचा हात आठवला. दोन ठोके जड, एक हलका, मग श्वासाएवढी उसंत. दोन जड, एक हलका.

तिसऱ्यांदा डोकं आपटलं नाही.

दोन जड, एक हलका. सोमा दारात आला. तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकला. दोरवाले जागीच थबकले. मग सोमाचे हात हलू लागले, पुढे-मागे, पुढे-मागे. नसलेला भाता ओढत तो बसून राहिला.

ऊन ओट्याची एक पायरी उतरलं, दुसरी उतरलं. भागीबाईच्या तळव्याला फोड आला, फुटला. खांदा भरून आला. एक ठोका चुकला, मग दुसरा. सोमाचे हात अधांतरी थांबले. मनगट तोंडाकडे निघालं.

तेवढ्यात समोरून आवाज आला. दोन जड, एक हलका.

तो कोंडाजींच्याच घरातून येत होता. त्यांची बायको सावित्रीबाई दाराआड बसली होती, दिसत नव्हती. मग तिच्या शेजारच्या घरातून आला, मग पलीकडच्या. ठेका कुणाला शिकवावा लागला नाही. ह्या बायका त्याच ठेक्यावर नांदायला आल्या होत्या.

सोमाचा भाता पुन्हा सुरू झाला. भागीबाईनं बत्ता खाली ठेवला आणि फुटलेला फोड पदरानं पुसला.

कोंडाजी ताडकन उठले. “आज हत्याराला हात लावला कुणी?”

“खलबत्ता आहे हो,” आतून सावित्रीबाई म्हणाली. “त्याला अमावास्या नसते. असती तर बरं झालं असतं.”

दोरवाल्यांनी दोर हळूच पाठीमागे नेला. आळीच्या तोंडाशी शौकतनं लगाम हातात घेतला.

“कोंडाजीशेठ, मी निघतो. घोडंसुद्धा डुलायला लागलंय.”

टांगा रिकामाच वळला. सोमानं त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. त्याला काम होतं.

कोंडाजी बराच वेळ कपाळावरचा वण चोळत बसले. मग आपल्या दाराकडे वाकून, जमेल तेवढ्या खालच्या आवाजात म्हणाले,

“अगं, रिकामा खल काय बडवतेस? चार दाणे तरी घाल त्यात.”