आधी नाव, मग औषध

"पुन्हा," नर्सिंग शिकवणाऱ्या इंदुताई म्हणाल्या. "अॅट्रोपिनची बाटली हातात घेतलीस. आता सगळ्यांत आधी काय?"

चारुशीला खाटेशी उभी राहून बाटलीवरची चिठ्ठी वाचत होती. वाचून झाली तरी वाचत राहिली.

खाटेवर रुपराव उताणा पडला होता. काटोलकडचा बागाईतदार. संत्र्याच्या वाळक्या फांद्या तोडताना उजव्या डोळ्यात काटा गेला होता. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून पट्टी दोन्ही डोळ्यांवर होती.

"कोण हाय वं?" त्याने विचारलं. "मघापासून कोणी तरी उभं हाय अन् बोलत नाही. ते मुकी बाई आली काय?"

शेजारच्या खाटेवरचा नत्थूजी हसला. "मुकी कायची गा! माह्यासंग तं मस्त बोलते."

"मंग मले पाहूनच काहून तोंड शिवते? मी तं तिले पाहूबी नाही शकत."

चारुशीलाने बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि ती वॉर्डाबाहेर निघून गेली.

इंदुताई तिच्यामागे व्हरांड्यात आल्या. बाहेर वाळ्याच्या ताट्यांवर भिस्ती पाणी मारत होता.

नियम नवा होता आणि त्याला कारण होतं. उन्हाळ्यात ताटीजवळचा गारवा मिळावा म्हणून रुग्ण आपसांत खाटा बदलत. मागच्या वर्षी अशाच बदललेल्या खाटेवर काचबिंदूच्या एका म्हाताऱ्याला बाहुली मोठी करणारं हे अॅट्रोपिन घातलं गेलं आणि त्याचा डोळा गेला. तेव्हापासून खाटेवर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरलं. नर्सने नाव म्हणायचं, रुग्णाने आपलं गाव सांगायचं, मगच थेंब.

"अॅट्रोपिन जास्त झालं तर?" इंदुताईंनी विचारलं.

"तोंड कोरडं पडते. चेहरा लाल होते, नाडी वाढते. रोगी बरळाले लागते."

"थेंब टाकल्यावर?"

"नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा. नाही तं औषध घशात उतरते."

"हे सगळं येतं. आणि एक नाव तोंडातून निघत नाही!" इंदुताईंचा आवाज चढला. तिला आपण दोन वर्षं शिकवलं ते याचसाठी का, असं त्यांना वाटून गेलं. "नत्थूजीला नावानं हाक मारतेस. पलीकडच्या खाटेवरच्या नानाजीला मारतेस. हा तुला मुकी म्हणाला म्हणून रुसलीस? बायको पुरात वाहून गेली त्याची, आता डोळा जाऊ पाहतोय. असा माणूस टोचून बोलणारच. रोग्यावर रुसायचं नसतं."

"रुसली नाही, ताई."

"मग?"

चारुशीला भिस्त्याकडे पाहू लागली. असं गप्प राहणं तिला चांगलं जमे. हे नावसुद्धा तिने वसतिगृहात आल्यावर घेतलेलं; गावाकडचं काय होतं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. इंदुताईंनीही विचारलं नव्हतं. दुःख घेऊन आलेल्या बाईला जुनं नाव नको असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"उद्याच्या परीक्षेले मले दुसरा रोगी द्या न," ती हळूच म्हणाली.

"रोगी परीक्षक निवडतात. मनोहररावांनी डोळ्याचाच रोगी मागितलाय, आणि नत्थूजी आज घरी चालला."

"मंग पुढच्या साली बसतो मी."

"पुढचं साल कुठलं आलं? विधवांसाठी राखलेली जागा आहे तुझी. नापास झालीस की वसतिगृह सोडावं लागेल. कुठे जाशील?"

चारुशीलाने मोकळ्या कपाळावरचा घाम पुसला. "कुठीच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मनोहरराव आले. वॉर्डाच्या टोकाला टेबलाशी बसून त्यांनी तोंडी प्रश्न विचारले. चारुशीला एकाही प्रश्नाला अडखळली नाही. दाराशी उभ्या असलेल्या इंदुताईंना वाटलं, आज होईल सगळं नीट.

मग ते रुपरावाच्या खाटेजवळ गेले. चारुशीलाने हात धुतले. बाटली उजेडात धरून पाहिली. कापूस घेतला. आणि थांबली.

"पुढे?" मनोहरराव म्हणाले.

ती उभीच.

"रुग्णाची ओळख कोण पटवणार?"

"मुकी हाय ते, डॉक्टरसाहेब," रुपराव खाटेवरून म्हणाला. "तिच्याच्यानं नाही होत. दुसरी पाठवा एखादी."

मनोहररावांनी खिशातून पेन काढलं. इंदुताईंना राहवलं नाही. "अगं, म्हण ना वं! एवढ्यासाठी जन्माचं नुकसान करून राहिली तू!"

"बाई, तुम्ही बोलू नका," मनोहरराव म्हणाले. पेनाचं टोपण काढून ते चारुशीलाकडे वळले. "शेवटचं विचारतो. नावानिशी ओळख पटवल्याशिवाय मी तुम्हाला पास करू शकत नाही. पटवता का?"

चारुशीला त्यांच्याजवळ सरकली. अगदी दबलेल्या आवाजात तिने विचारलं, "कसंबी म्हटलं तं चालते काय?"

"कसंही म्हणा. नाव स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, बस."

तिने बाटली खाली ठेवली. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, मान खाली घातली, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"संत्र्याच्या झाडाले पाणी देते वाकून,
रुपरावांचं नाव घेते, तुमचा मान राखून."