उंबऱ्यावरचा प्रश्न

“साहेब, उत्तर दिधाबिगर मझार जावाले नही,” म्हणत सुकलालने दारात आडवा हात धरला, आणि शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या हेडमास्तर गद्र्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पोराचं काही चुकलं नव्हतं. इतिहासाच्या तासाला आज दारावर त्याची पाळी होती. पितांबर मास्तरांच्या वर्गाची ही रोजची रीत. घंटा झाली की मास्तर उंबऱ्याशी फळा टेकवून ठेवत, त्यावर एकच प्रश्न. पोरांनी बाहेर रांग लावायची, उत्तर सांगायचं आणि मगच आत बसायचं. चुकलं तरी चालेल, अहिराणीत सांगितलं, भिलीत सांगितलं तरी चालेल. उत्तर नसेल तर उलट एक प्रश्न विचारायचा. ‘माहीत नाही’ म्हणून मात्र आत जाता येत नसे. कुस्तीआधी पैलवान जोर काढतो, तसे हे डोक्याचे जोर, असं मास्तर म्हणत.

गद्र्यांना आधी हे खूळ वाटलं होतं. पण नंदुरबारच्या पुढचं स्टेशनसुद्धा न पाहिलेली पोरं जेवणाच्या सुट्टीत रोमच्या बादशहांवरून हमरीतुमरीवर येताना त्यांनी पाहिली, आणि ते गप्प बसले. त्यांनी स्वतः शिकवलेला इतिहास ऐकून आजवर कोणी भांडलं नव्हतं. पोरं झोपत, तीही शिस्तीत.

तरी काल त्यांनी मास्तरांना विनवलं होतं, “उद्या एवढं राहू द्या. तुम्हाला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे उद्या साहेबांच्या शब्दावर ठरणार आहे.”

“साहेब येणार म्हणून पोरांनी डोकं घरी ठेवून यायचं का, सर?” एवढंच मास्तर म्हणाले होते.

साहेबांनी आता फळ्याकडे पाहिलं. ‘बॅस्टिलचा तुरुंग पॅरिसच्या लोकांनी फोडला, तेव्हा आत सातच कैदी होते. मग एवढे जीव देऊन तो फोडला कशाला?’

धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून वाहत होता त्या दिवसांतली ही गोष्ट. साहेब आपल्यातलेच, नाशिककडचे, पण कोट पुरता सरकारी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. त्यांच्या कपाळाची शीर उठली.

“मास्तर!” ते दारातूनच गरजले. “हा प्रश्न पुस्तकात आहे का?”

सुकलालने झटकन हात काढला. “इचारा ना साहेबनी प्रश्न! आते या मझार.”

वर्गात खसखस पिकली. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. ते आत येऊन मागच्या बाकावर बसले. गद्रे भिंतीला टेकून उभे राहिले. पितांबर मास्तरांचा चेहराही उतरला होता, पण त्यांनी तास रोजच्यासारखाच सुरू केला. उंबऱ्यावर कोण काय म्हणालं ते पुन्हा उभं राहून सांगायचं. कोणी म्हणालं, तुरुंगात दारूगोळा होता. कोणी म्हणालं, राजाचा राग भिंतीवर काढला.

मग करमसिंग उठला. मोलगीकडच्या डोंगरातला. काठी गावची होळी नाचून परवाच परतला होता, मानेवर राखेच्या नक्षीचे ठिपके अजून होते. शाळेची मराठी तो दगडावरून ओढा ओलांडावा तशी जपून बोलायचा.

“आमच्याकडे गुहेत वाघ नसला तरी गुराखी तिकडे गुरं नेत नाही. गवत चांगलं असतं, तरी नेत नाही. मग सगळं गाव मिळून गुहेचं तोंड दगडांनी बुजवतं.” तो थांबला. “आत काय आहे, ते तेव्हा कोणी मोजत नाही.”

   बी.ए.ला गद्र्यांनी फ्रान्सची राज्यक्रांती सनावळ्यांसकट पाठ केली होती, आणि ती आज त्यांना पहिल्यांदा समजली.

साहेब उठले आणि बाहेर पडले. गद्रे मागोमाग धावले. “साहेब, उद्यापासून हे बंद करतो. मास्तर तरुण आहेत, मनाने चांगले...”

“हे धरा. माझं उत्तर द्यायचं राहिलंय,” साहेब म्हणाले. त्यांनी एकेक गुंडी सोडून कोट काढला आणि गद्र्यांच्या हातात दिला. मग नुसत्या सदऱ्यावर ते परत वर्गाच्या दाराशी गेले, सुकलालच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी बोलले. सुकलालने मान डोलावली आणि अदबीने बाजूला होऊन दार मोकळं करून दिलं. साहेब आत मात्र गेले नाहीत. परत येऊन त्यांनी कोट चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

“मास्तरांना कायम करा, गद्रे. आणि तो फळा हलवू नका.”

टांगा फाटकाबाहेर गेला. गद्र्यांचा जीव भांड्यात पडला, पण मन काही स्वस्थ बसेना. ते लगबगीने दाराशी आले. “काय रे सुकलाल, काय म्हणाले साहेब?”

सुकलालने पुन्हा आडवा हात धरला.

“पह्यले तुम्हनं उत्तर सांगा, सर.”

गद्र्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हळूहळू आपल्या कोटाच्या वरच्या गुंडीकडे गेला.